विचारण्याआधी सांगणं: जुगारातून सावरणाऱ्या जोडीदारासोबत विश्वास पुन्हा उभा करताना

जुगार उघडकीस येतो तेव्हा पहिल्यांदा दिसतो तो कर्जाचा आकडा. तो कितीही मोठा असला तरी मोजता येतो, त्याचे हप्ते पाडता येतात. न मोजता येणारं नुकसान वेगळंच असतं. ‘कामात अडकलोय, तू जेवून घे’ हा निरोप ऐकून आपण निर्धास्त झोपलो, त्या रात्री खरं काय चाललं होतं? मागची दोन-तीन वर्षं अशी एकेक करून उसवत जातात. म्हणून जोडीदार खेळणं थांबवतो त्या दिवशी घरात लगेच हायसं वाटत नाही. त्याला वाटतं, ‘मी सोडलं, आता तरी विश्वास ठेव.’ आणि आपल्या मनात येतं, खेळत होतास तेव्हाही तू हेच म्हणायचास.

हा लेख या टप्प्यावर नव्याने येऊन पोचलेल्यांसाठी आहे. जुगार थांबलाय किंवा थांबवायचे प्रयत्न मनापासून सुरू आहेत, आणि आता एकत्र राहायचं तर कसं, हा प्रश्न समोर आहे. सोयीसाठी मी ‘तो’ लिहिलंय. बायकाही यात तितक्याच खोल अडकतात आणि पायऱ्या त्याच राहतात. माझं ठाम मत आधीच सांगते. विश्वास परत येतो तो कुणी विचारण्याआधी सांगितलेल्या आणि पडताळून पाहता येणाऱ्या छोट्या-छोट्या खऱ्या गोष्टींमुळे. शपथांवर फार विसंबू नका.

आधी आजार समजून घ्या

अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती, म्हणजे डीएसएम-५, २०१३ साली आली. तिच्यात जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांसोबत एकाच प्रकरणात जागा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणातही तो व्यसनांमध्येच आहे. डीएसएममध्ये नऊ लक्षणं दिली आहेत. बारा महिन्यांच्या काळात त्यांपैकी चार किंवा अधिक दिसली तर निदान होतं. त्यातली तीन थेट घरापर्यंत येतात: जुगार लपवण्यासाठी खोटं बोलणं, जुगारापायी नातं किंवा नोकरी धोक्यात घालणं, आणि पैशाच्या अडचणीतून सोडवायला दुसऱ्यांवर विसंबणं. ‘लाय-बेट’ नावाची एक छोटी चाचणी तर फक्त दोन प्रश्नांची आहे. दिवसेंदिवस जास्त पैसे लावावेसे वाटले का, आणि किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का. दोनपैकी एक प्रश्न खोटेपणाचा आहे, इतकी या दोन गोष्टींची गाठ पक्की असते.

हे कळल्याने काय होतं? ‘माझ्यावर प्रेम असतं तर खोटं बोलला नसता’ हा जो काटा आत रुतून बसलेला असतो, तो थोडा सैल होतो. खोटं बोलणं हा त्या आजाराचाच भाग होता. पण आजार आहे म्हणून जबाबदारी संपत नाही. कर्ज फेडायचं त्यानेच, उपचारांना जायचं त्यानेच आणि खरं बोलायला शिकायचंही त्यानेच.

‘एवढं बुडत होतं तर थांबला का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. बक्षीस कधी लागेल याचा नेम नसतो तेव्हा माणूस सर्वांत चिवटपणे खेळत राहतो. त्यात ‘थोडक्यात हुकलं’ हा अनुभव भर घालतो. मेंदूच्या अभ्यासांत असं दिसलंय की जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांतले काही थोडक्यात हरल्यावरही जागे होतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती हार दिसते, खेळणाऱ्याला मात्र ‘आता येणारच’ असं वाटतं.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पार्किन्सन्स किंवा पायांच्या अस्वस्थतेच्या विकारावर दिली जाणारी प्रामिपेक्सोलसारखी औषधं आणि मानसिक आजारांवरचं अ‍ॅरिपिप्राझोल यांच्यामुळे काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते. असं औषध सुरू झाल्यावर किंवा त्याचा डोस वाढल्यावर खेळणं सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पहिली पायरी: जीव आणि घर सुरक्षित करा

विश्वासाच्या गप्पा यानंतर. उपचार घेणाऱ्या जुगारग्रस्तांपैकी जवळपास निम्म्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येतात आणि सुमारे १७ टक्के लोकांनी कधी ना कधी प्रयत्न केलेला असतो, असं डीएसएममध्ये नमूद आहे. सगळं उघडकीस आल्यानंतरचे दिवस फार नाजूक असतात. लाज, कर्ज आणि घरच्यांचे चेहरे, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. म्हणून सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आलं किंवा नुसती टाळाटाळ झाली, तरी त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठा. उलट धोका तुम्हाला असेल, म्हणजे मारहाण, धमक्या किंवा पैशासाठी बळजबरी होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित ठिकाणी जा.

मग पैसा. तुमची कमाई तुमच्या एकटीच्या किंवा एकट्याच्या खात्यात वळवा. पासवर्ड आणि पिन बदला. ओटीपी कोणत्या फोनवर येतात ते पाहा. घराची कागदपत्रं, मौल्यवान वस्तू आणि मुलांच्या नावावरच्या ठेवी तुमच्या ताब्यात किंवा भरवशाच्या नातेवाइकाकडे ठेवा. कुठल्याही कर्जाला जामीन राहू नका, घाईघाईत सही करू नका. हे सगळं त्याला सांगून करा. चोरून केलंत तर घरात लपवाछपवी करणारी माणसं दोन होतील.

दुसरी पायरी: पूर्ण सत्य, एकाच बैठकीत

घरं सगळ्यात जास्त कोलमडतात ती इथे. पहिल्या दिवशी तो अर्ध्या कर्जाची कबुली देतो. आठवड्याने वसुलीचा फोन येतो आणि आणखी थोडं बाहेर येतं. महिन्याने कुणी सहकारी दारात उभा राहतो. प्रत्येक वेळी तो म्हणतो, ‘आता एवढंच,’ आणि प्रत्येक वेळी तुम्ही शून्यावर येता. मूळ धक्क्यातून माणसं सावरतात, पण हप्त्या-हप्त्याने मिळालेलं सत्य पचवणं त्याहून अवघड जातं. मला विचाराल तर कबुलीला आठ-पंधरा दिवस उशीर झाला तरी चालेल, पण ती पूर्ण हवी.

त्यासाठी त्याला वेळ द्या, तारीख ठरवा आणि सगळं कागदावर आणायला सांगा. शक्य असेल तर समुपदेशकासमोर बसा. प्रत्येक देण्यासाठी एक ओळ लिहायची: कुणाचे, किती, व्याज किती, हप्ता कधी, थकले आहेत का, काय गहाण आहे, कुणाच्या नावावर आहे आणि पैसे घेताना कारण काय सांगितलं होतं. हा शेवटचा रकाना लिहिताना हात अडतो, पण तो सोडू नका. ‘आईच्या ऑपरेशनसाठी’ म्हणून मित्राकडून पैसे घेतले असतील, तर उद्या तो मित्र तुम्हाला आईची तब्येत विचारणार आहे. ते तुम्हाला आधी माहीत असायला हवं.

यादीत बँका, क्रेडिट कार्डं आणि कर्ज देणारी अ‍ॅप्स येतातच. विसरली जातात ती वेगळी देणी: कार्यालयातून घेतलेली उचल, मित्रांकडचे हातउसने, निवृत्तीसाठीच्या बचतीतून काढलेली रक्कम, भिशी किंवा क्लबचे सांभाळायला दिलेले पैसे, आणि तुमच्याच नावावर घेतलेलं कर्ज. ती आठवून आठवून लिहायला लावा. मग यादी पडताळा. दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढा. मागच्या वर्षभराची बँक स्टेटमेंट, वॉलेटचा इतिहास आणि बेटिंग अ‍ॅपमधला जमा-काढीचा तपशील समोर ठेवा. क्रेडिट रिपोर्टमध्ये हातउसने दिसत नाहीत, एवढं लक्षात असू द्या.

काय विचारायचं हे तुम्हीही आधी ठरवा. पैसा, कुणाकुणाचं देणं आहे, कुणाकुणाला माहीत आहे, माझ्याशी कोणत्या मोठ्या गोष्टींबद्दल खोटं बोललास, हे सगळं विचारा. प्रत्येक पैज कशावर लावली, त्या रात्री नक्की किती वाजता काय चाललं होतं, हे खोदून काढण्याने फारसं काही हाती लागत नाही. ती चित्रं मात्र पुढे वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर येत राहतात.

जुगाराच्या काळातली स्मरणशक्ती खरोखर तुटक असते, त्यामुळे एखादं देणं नंतर आठवू शकतं. त्यासाठी नियम करून ठेवा: आठवल्यापासून २४ तासांत सांगायचं. त्याने स्वतःहून सांगितलं तर ती चूक आणि तुम्हाला ते सापडलं तर ती लपवाछपवी. या दोन्हींवर तुमची प्रतिक्रिया वेगळी असली पाहिजे आणि ती वेगळी असेल हे त्याला आधीच माहीत हवं.

तिसरी पायरी: पैशाला कुंपण

सुरुवातीचे काही महिने मोठ्या रकमा त्याच्या हाताला लागू नयेत. पगार अशा खात्यात जमा व्हावा ज्याचं प्रत्येक नोटिफिकेशन तुम्हालाही येतं. रोजच्या खर्चाला मर्यादित शिल्लक असलेलं वेगळं खातं द्या, क्रेडिट कार्डं बंद करा. फोनमध्ये बेटिंगच्या साइट अडवणारं सॉफ्टवेअर टाका. नियमन असलेल्या अनेक कंपन्यांकडे ‘मला खेळू देऊ नका’ असा अर्ज करून स्वतःवर बंदी घालून घेण्याची सोय असते. काही बँका जुगाराचे व्यवहार खात्यातूनच अडवतात. हे अर्ज त्याने स्वतः भरावेत. तुम्ही भरलेत तर ते तुमचं कुंपण ठरतं, त्याचं होत नाही.

तुम्ही आणि नातेवाइकांनी मिळून सगळं कर्ज एकरकमी फेडून टाकावं का? बहुतेक वेळा नको. हेतू चांगला असतो, पण मर्यादा भरलेली कार्डं एका दिवसात मोकळी होतात, उसने देणारे पुन्हा उसने द्यायला तयार होतात आणि दडपण उतरताच ‘आता एकदाच’ला वाट मिळते. अन्न, निवारा, मुलांचं शिक्षण आणि कुणाच्या जिवाला धोका असेल ते देणं, एवढं सांभाळा. बाकीचं त्याच्या कमाईतून, लहान पण न चुकणाऱ्या हप्त्यांनी फिटू दे.

गॅम्ब्लर्स अ‍ॅनॉनिमस ही जुगाऱ्यांची स्वमदत चळवळ १९५७ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. त्यांच्याकडे यासाठी खास बैठक घेतात: नवा सदस्य आणि त्याचा जोडीदार सगळी देणी घेऊन जुन्या सदस्यांसमोर बसतात आणि घरखर्चाचं अंदाजपत्रक व फेडीचा आराखडा तयार करून उठतात. स्वतः यातून गेलेल्या माणसांसमोर थापा पचत नाहीत. अशी बैठक मिळत असेल तर जरूर बसा.

चौथी पायरी: आठवड्याची बैठक

ठरलेला वार, ठरलेली वेळ, अर्धा तास. मुलं झोपलेली, टीव्ही बंद. आधी आकडे: काय आलं, काय गेलं, कोणता हप्ता भरला, स्टेटमेंट समोर. मग तलफ: आली का, कधी, काय केलं. शेवटी तुम्ही कसे आहात, हे दोन वाक्यांत. स्टेटमेंट त्याने स्वतः उघडून दाखवायचं, तुम्ही मागायचं नाही. यात सगळा जीव आहे.

प्रत्यक्षात हे असं काहीसं होतं:

‘बुधवारी पगाराचा मेसेज आला आणि डोकं फिरलं. अर्धा तास नुसता येरझाऱ्या घालत होतो.’
‘मग?’
‘ग्रुपमधल्या एकाला फोन लावला. बोलता बोलता ओसरलं.’
‘सांगितलंस ते बरं केलंस. मला आत्ता धस्स झालंय, पण बरं केलंस. पुढच्या पगाराच्या दिवशी काय करू या?’

‘धस्स झालंय’ हेही खरंच आहे, ते गिळू नका. पण तलफ आली हे सांगितल्यावर तासभर भांडण झालं, तर पुढच्या बुधवारी तुम्हाला ‘काही नाही, सगळं ठीक’ असंच ऐकायला मिळेल. खरं बोलण्याची शिक्षा खोटं बोलण्याइतकीच असेल, तर माणूस सवयीचं तेच निवडतो. तलफ ही लाटेसारखी चढते आणि न खेळता थांबलं तर उतरते. तिच्याबद्दल बोलता येणं हे सावरण्याचं लक्षण आहे.

जिंकलेले पैसेही या बैठकीत सांगायचे, हे स्पष्ट ठरवून घ्या. अचानक आलेली भेटवस्तू, एकदम फिटलेलं एखादं देणं, याचा आनंद मानण्याआधी पैसा कुठून आला ते विचारायला संकोचू नका. गुपचूप जिंकणं हेही खेळणंच आहे.

बैठकीबाहेर मात्र विषय शक्यतो काढू नका. सकाळी चहाला, दुपारी फोनवर आणि रात्री पुन्हा तेच सुरू राहिलं तर घरात दुसरं काही उरत नाही. आठवडाभर मनात येणारे प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि ठरल्या वारी विचारा.

पाचवी पायरी: तपासणी उघड ठेवा

तो अंघोळीला गेल्यावर फोन पाहावासा वाटणं अगदी साहजिक आहे. पण चोरून तपासण्यात एक कोंडी आहे: काही सापडलं नाही तर ‘नीट लपवलं असेल’ असं वाटतं आणि झोप पुन्हा उडते. त्यापेक्षा काय, कधी आणि कसं तपासायचं हे दोघांनी ठरवा. स्टेटमेंट दर आठवड्याला, क्रेडिट रिपोर्ट दर तीन महिन्यांनी, फोन मागितला तर लगेच हातात. त्याचं मित्रांशी किंवा समुपदेशकाशी चाललेलं खासगी बोलणं वाचायचं नाही. पैसा उघडा, मन त्याचं.

जुगारातून सावरणारे तुम्ही स्वतः हे वाचत असाल, तर तुमच्यासाठी एवढंच. ‘अजून किती दिवस संशय घेणार?’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. उशीर होणार असेल तर निघायच्या आधी कळवा. खर्च केला की पावती आणा. विचारलेल्या प्रश्नाचं पहिलं उत्तरच खरं द्या, साध्या गोष्टीतसुद्धा. ‘दूध आणलं का’ला ‘हो’ म्हणून मग दुकानात पळणं ही जुनी सवय मोडायची आहे. आणि जोडीदार पुन्हा तोच प्रश्न विचारेल तेव्हा पुन्हा तेच उत्तर, न चिडता.

पाय घसरला तर

घसरण होऊ शकते. व्यसनमुक्तीच्या उपचारांत एखादी घसरण आणि पूर्ण परतणं यांत फरक करतात, आणि तो महत्त्वाचा आहे. ‘आता सगळं संपलंच’ असं वाटलं की माणूस एका डावावर थांबत नाही. त्यामुळे घसरल्यावर काय करायचं ते शांत असताना लिहून ठेवा. त्याने २४ तासांच्या आत साधारण असं सांगायचं: ‘काल रात्री खेळलो. इतके गेले. उसने घेतले नाहीत. अ‍ॅप पुन्हा टाकलं होतं, आता काढलंय. समुपदेशकांना फोन केलाय.’ कधी, किती, कुठून आणले, आता काय केलं. कारणमीमांसा नंतर.

तुम्ही काय करायचं तेही लिहून ठेवा: पैशाचं कुंपण पुन्हा पहिल्या दिवसाइतकं घट्ट, उपचाराची वेळ त्याच आठवड्यात. आणि तुमची शेवटची रेषा कोणती, म्हणजे कशानंतर वेगळं राहायचं, ते नीट विचार करून एकदाच सांगा. पाळता येणार नाही अशी धमकी देऊ नका. ‘पुन्हा खेळलास तर निघून जाईन’ असं दहादा म्हणून घरातच राहिलो, की आपल्या शब्दालाही किंमत उरत नाही.

तुमच्या वाट्याचं खरं

त्याच्या कार्यालयात ‘बरं नाही’ म्हणून फोन करणं, सासरच्यांना ‘गुंतवणुकीत अडकलेत’ असं सांगणं, हे तुम्हीही केलं असेल. ते थांबवा. गावभर सांगायची गरज नाही, पण जे त्याला उसने देऊ शकतात त्यांना कळलंच पाहिजे. मुलांना वयानुसार: ‘बाबांना पैशांच्या खेळाचं व्यसन लागलं होतं, ते उपचार घेताहेत, यात तुमची काही चूक नाही.’ मुलांना हेरगिरीला लावू नका.

आणि तुम्हाला कुणीतरी हवंच. जुगाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी गॅम-अ‍ॅनॉनचे गट असतात, समुपदेशक असतात, एखादी तोंड घट्ट असलेली मैत्रीण असते. राग महिनोन्महिने टिकला म्हणून स्वतःला दोष देऊ नका. ‘तो सुधारतोय आणि मी अजून चिडतेय’ असं अनेकींचं होतं. कित्येकदा तो सावरायला लागल्यावरच आपला राग बाहेर पडतो, कारण तोवर घर सांभाळण्यात रागाला वेळच मिळालेला नसतो. आणि हे सगळं करूनही नातं नको वाटलं, तरी तो तुमचा हक्क आहे. तेव्हा संयुक्त कर्जं आणि जामीनकीबद्दल वकिलाचा सल्ला आधी घ्या.

कुंपण कधी काढायचं

डीएसएमच्या भाषेत तीन महिने एकही निकष लागू झाला नाही तर सुरुवातीचा उतार, आणि बारा महिने किंवा अधिक काळ तसाच गेला तर टिकाऊ उतार. मनाचं घड्याळ त्याहून मागे चालतं, त्यामुळे या मुदतींना किमान समजा. खुणा वेगळ्या पाहा: न विचारता सांगितलेल्या गोष्टी वाढल्या का, अडचणीच्या बातम्या लवकर येतात का, हप्ते न चुकता जातात का, बैठकीची आठवण कोण करून देतं.

खुणा दिसल्या की एकेक गोष्ट परत द्या, आणि प्रत्येकीनंतर दोन-तीन महिने थांबा. आधी घरातली लहान बिलं भरण्याचं काम. मग रोजच्या खर्चाच्या खात्याची मर्यादा थोडी वाढवा. मग पगाराच्या खात्याचे व्यवहार, तुमची नोटिफिकेशन्स सुरू ठेवून. क्रेडिट कार्ड खूप उशिरा, आणि दोघांनाही नको वाटलं तर कधीच नको. साइट अडवणारं सॉफ्टवेअर राहू द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. बचत आणि घराच्या कागदांवर मात्र कायम दोघांच्या सह्या लागतील अशी व्यवस्था बँकेत आणि वकिलाकडे लेखी करून घ्या, आणि आठवड्याची बैठक महिन्यावर आणायची असेल तर ती सूचना तुमच्याकडून येऊ दे.